डोक्यातला खाडा

(मागच्या महिन्यात एका रविवारी डॅलसजवळ अर्विंगमध्ये आपल्या तीस-पस्तीस माणसांसमोर बोललो, ते इथे लिहून काढलं आहे. बोलताना जिथे घसरलो तिथे थोडं सरळ केलं, बाकी तसंच ठेवलं. आखातातून वाचणाऱ्यांसाठी इथल्या एक-दोन गोष्टी जरा उलगडून सांगितल्या आहेत.)



आज रविवार. इथे यायचं की ओव्हरटाइमला जायचं, हा हिशोब सकाळी चहा पिताना तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी केला असणार. मीही केला. खोटं कशाला बोलू?

मी भाषण करणारा माणूस नाही. लातूरला पॉलिटेक्निक केलं, सिव्हिलचा डिप्लोमा. पुण्यात तीन वर्षं, दुबईत सहा वर्षं साइटवर काढली. बायको नर्स आहे, तिची ग्रीन कार्डाची फाइल दहा वर्षं पडून होती, ती शेवटी हलली आणि तिच्यामागे मी इथे आलो. आता एका कंत्राटदाराकडे काँक्रीटच्या कामावर सुपरवायझर आहे. म्हणजे वर मालक, खाली क्रू आणि मधे मी. दोन्हीकडून शिव्या खाणारा.

आधी एक शब्द विचारतो. खाडा. हात वर करा, कुणाकुणाला माहीत आहे? बघा, मराठवाड्याचे सगळे हात वर आले. इतरांसाठी सांगतो. ऊसतोडीला मुकादम एका जोडप्याला हंगामाआधी उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसं दोन, मोजणी एकाची, तीही हत्याराच्या नावाने. मग फडात ज्या दिवशी कुणी कामावर आलं नाही, तो खाडा. त्याचे पैसे कापतात. ताप आला तरी खाडा, पोर आजारी पडलं तरी खाडा. बाईला पाळीच्या दिवसांत बसावं लागलं तर तेही खाडेच. बीड जिल्ह्यात बायका गर्भाशय काढून टाकतायत अशा बातम्या आल्या, म्हणून २०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. कारण एकच नव्हतं. खासगी दवाखान्यात घातलेली भीतीही होती, लहान वयातली लग्नंही होती. पण खाड्याची भीती त्यात होती, हे त्या बायकांनी स्वतः सांगितलंय.

हे इथे टेक्सासमध्ये कशाला उकरून काढतोय? कारण आमच्या साइटवर एक पोरगा आला होता, बीडकडचा. नाव सांगत नाही, कुठल्या कागदांवर आला तेही सांगत नाही. त्याचे आईवडील कोयत्यावर जायचे. वय तेवीस-चोवीस. हाताला चलाख, बोलायला कमी. जुलैचा महिना, बाहेर एकशे दोन फॅरनहाइट, म्हणजे आपलं एकोणचाळीस. पण स्लॅबवर, सळईच्या जाळीवर उभं राहिलं की खालून भाजतं ते वेगळंच. त्याचा दुसरा दिवस होता. दुपारी दोनच्या सुमारास तो सावलीला टेकला. मी तिकडून येत होतो, हातात वही. त्या वेळी मला एक सवय होती. कोण किती वेळ थांबला ते वहीत टिपायचं. कुणी सांगितलं नव्हतं, माझंच शहाणपण. आणि मी म्हणालो, "काय रे, दुसऱ्याच दिवशी बसलास?"

एवढंच. शिवी नाही, आवाज चढवला नाही. तो उठला. हसलासुद्धा. वीस मिनिटांनी आमच्या होंडुरासच्या गड्याने आरडाओरडा केला तेव्हा तो सळईवर आडवा होता, अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध. बर्फ, पाणी, ९११, सगळं झालं. वाचला. संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो, हाताला सलाइन, डोळे उघडले, मला ओळखलं. आणि पहिलं वाक्य काय बोलला माहितीये?

"दादा, आजचा खाडा धरू नका."

मी बाहेर गाडीत येऊन बसलो, बराच वेळ चावी फिरवली नाही.

आता यात दोन गोष्टी आहेत, त्या वेगळ्या करून बघूया. एक गोष्ट सरळ माझ्या चुकीची. उन्हात नवा माणूस पहिल्या दिवसापासून पुरा घासायचा नसतो. इथल्या सरकारचं सुरक्षेचं खातं आहे, ओशा. ते सांगतं की उन्हाने कामावर जे मरतात त्यातले जवळजवळ निम्मे पहिल्याच दिवशी मरतात आणि सत्तर टक्क्यांहून जास्त पहिल्या आठवड्यात. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम वीस टक्के द्यायचं, मग रोज वीस-वीस टक्के वाढवायचं. शरीराला सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. बीडचं ऊन पाहिलेला असला तरी. मधे विमान, एसी, महिनाभर घरात बसणं, यात ती सवय गेलेली असते. हे मला माहीत होतं. ट्रेनिंगला बसलो होतो, सही केली होती. तरी मी ते वाक्य बोललो.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. त्या पोराला मी नसतो बोललो, तरी तो उठलाच असता, याची मला खात्री आहे. कारण वही माझ्या हातात होती, पण खाडा त्याच्या डोक्यात होता. माझ्याही डोक्यात होता. मी वही कुणासाठी लिहीत होतो? मालकाने ती कधी उघडून पाहिली नाही.

मी इथे आलो तेव्हा पहिले आठ महिने मला साइट मिळाली नाही. दुबईचा अनुभव कोण विचारतो? एका गोदामात खोकी उचलली. बायको बारा तासांची ड्यूटी करून यायची आणि मी घरी असलो तर मला तिच्यासमोर बसायची लाज वाटायची. भांडी घासलेली असली तरी परत घासायचो, ती दारातून आत येताना माझे हात ओले दिसावेत म्हणून! हसू नका, तुमच्यातल्या किती जणांनी हे केलंय ते मला ठाऊक आहे. नंतर काम मिळालं, तासाला बावीस डॉलर. मग दुसरं खूळ. दहा मिनिटं संडासला गेलो की डोक्यात हिशोब: पावणेचार डॉलर, म्हणजे तीनशे रुपये गेले. गावाकडे माझ्या लहानपणी बाईला दिवसभर खुरपून तीनशे मिळत नव्हते. आणि मी ते मोरीत सोडून आलो!

गंमत पुढे आहे. ते पैसे कापले जातच नव्हते. अमेरिकेतल्या केंद्राच्या नियमात पाच ते वीस मिनिटांची छोटी सुट्टी दिली तर ती कामाचाच वेळ धरतात, तिचे पैसे द्यावे लागतात. जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी वेगळी, ती बिनपगारी असू शकते. म्हणजे मालकही कापत नव्हता ते मी माझं मीच कापत होतो.

तेव्हापासून मी एक करतो. असा विचार डोक्यात आला की त्याला विचारतो, बाबा, तू कुठला? कुणाच्या घरचा? कारण असले विचार आईच्या दुधातून येत नाहीत. कुणीतरी, कधीतरी, कुणाच्यातरी फायद्यासाठी बसवलेले असतात.

एकाचा पत्ता मला सापडला, तो इथलाच आहे. पेनसिल्व्हेनियात बेथलेहेम स्टील नावाचा मोठा कारखाना होता. १८९९ साली तिथे फ्रेडरिक टेलर नावाचा इंजिनिअर स्टॉपवॉच घेऊन उभा राहिला. मजूर काय करायचे? लोखंडाचे ठोकळे, एकेक ९२ पौंडाचा म्हणजे साधारण बेचाळीस किलोचा, उचलून फळीवरून चालत जाऊन रेल्वेच्या डब्यात टाकायचे. दिवसाला माणशी साडेबारा टन. टेलरने हिशोब मांडला की सत्तेचाळीस टन व्हायला पाहिजेत. एक माणूस निवडला. पुस्तकात त्याला श्मिट हे नाव दिलंय, खरं नाव हेन्री नोल. त्याची मजुरी दिवसाला १.१५ डॉलर होती ती १.८५ केली आणि तो सत्तेचाळीस टन उचलायला लागला. काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीच्या जरा वर. १९११ साली टेलरने यावर पुस्तक लिहिलं, ते जगभर शिकवलं गेलं. आम्हाला डिप्लोमाला मॅनेजमेंटच्या पेपरात टेलरवर पाच मार्कांचा प्रश्न असायचा. मी तो पाठ केला होता. त्याच पुस्तकात टेलरने लिहिलंय की असं काम करणारा माणूस बुद्धीने बैलासारखा असला पाहिजे. हे आमच्या गाइडमध्ये नव्हतं.

पुढे संशोधकांनी जुने कागद तपासले तेव्हा टेलरने ही गोष्ट बरीच रंगवून सांगितल्याचं निघालं. खुद्द बेथलेहेम कंपनीने त्याला १९०१ साली काढून टाकलं होतं. आणि १९११ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रांच्या कारखान्यात मोल्डर लोकांच्या मागे स्टॉपवॉच घेऊन माणूस उभा केला, तेव्हा ते काम सोडून बाहेर पडले. प्रकरण थेट काँग्रेसपर्यंत गेलं आणि १९१५ नंतर सरकारी शस्त्र-कारखान्यांत असं घड्याळ लावायला पैसे द्यायचंच बंद झालं.

पण मला त्या पुस्तकातली एक वेगळीच गोष्ट लक्षात राहिली. टेलर लिहितो की हा नोल कामावरून सुटला की मैलभर झपाझप चालत घरी जायचा आणि सकाळी कामाच्या आधी, रात्री कामानंतर, स्वतःच्या छोट्या घराच्या भिंती बांधायचा. जागा त्याने पै पै साठवून घेतली होती. टेलरला यात दिसलं काय, तर या गड्यात अजून ताकद शिल्लक आहे! भिंत बांधणाऱ्या माणसाकडे बघून त्याला टन दिसले. मी सुपरवायझर आहे, म्हणून मला हे फार लागलं. मी पण तसंच बघत होतो.

आता आपल्या बाजूचा माणूस. आजचा रविवार ज्याच्यामुळे आहे तो. नारायण मेघाजी लोखंडे. शाळेत एखादी ओळ असते, नसतेही. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधु' पत्र चालवायचे. एका गिरणीत ते स्टोअरकीपर होते, म्हणजे आमच्यासारखेच मधले. मालक आणि मजूर दोघांना जवळून पाहिलेले. त्या काळी मुंबईच्या गिरण्या दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालायच्या, आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळला गिरणी कामगारांची सभा घेतली, साडेपाच हजार जणांच्या वतीने निवेदन तयार केलं. मागण्या ऐका: रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहाला सुरू, सूर्यास्ताला बंद. पगार पंधरा तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. एकशे चाळीस वर्षं झाली, यातल्या निम्म्या गोष्टी आपण अजून मागतोय. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला रेसकोर्सच्या मैदानावर दहा हजारांची सभा झाली, दोन कामगार बायकाही तिथे बोलल्या. आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

सहा वर्षं लागली. या सहा वर्षांत मालकांचं मन वळवायचं होतंच, पण मला वाटतं तेवढंच अवघड काम दुसरं असणार. बसलेला माणूस कामचोर नसतो हे कामगाराला स्वतःला पटवणं. हा माझा अंदाज, कुठे वाचलेलं नाही.

इतक्यात मागून कुणीतरी कुजबुजलं ते मी ऐकलं. "साहेबांचं ठीक आहे, बायको नर्स आहे." बरोबर आहे. माझ्या घरात दोन पगार आहेत. तुमच्या डोक्यावर एजंटचं देणं असेल, बहिणीचं लग्न असेल, गावाकडे बोअर मारायची असेल. मी तुम्हाला ओव्हरटाइम सोडा म्हणत नाही. घ्या. पण घेताना दोन गोष्टींची गल्लत करू नका. कर्ज फेडायला साठ तास केले, हा हिशोब झाला. चाळीस केले म्हणून मी नालायक, हा हिशोब नाही, ही शिवी आहे, आणि ती तुम्ही स्वतःला देताय. पहिल्यात कर्ज फिटलं की थांबता येतं. दुसऱ्यात थांबायची जागाच नाही. माझ्या ओळखीत एकाचं कर्ज फिटून चार वर्षं झाली, तो अजून सत्तर तास करतो, आणि सुट्टीच्या दिवशी त्याचं डोकं दुखतं.

आणि साठ तास केलेत तर साठचे पैसे घ्या. १९३८ चा कायदा आहे, आठवड्याला चाळीसच्या वरच्या प्रत्येक तासाला दीडपट. रोखीने देतो म्हणाला तरी दीडपट. कागद असोत नसोत, केलेल्या कामाची मजुरी मागता येते, मजूर खातं कागद बघून तक्रार घेत नाही. दोन वर्षांपर्यंतचं मागता येतं, मालकाने जाणूनबुजून बुडवलं असेल तर तीन. नंबर लिहून घ्या: १-८६६-४८७-९२४३. दुभाषा मिळतो. तास मात्र स्वतःच्या वहीत लिहून ठेवा, रोजच्या रोज. माझी वही सुटली तशी तुमची सुरू होऊ दे.

टेक्सासचं मात्र वेगळं आहे, इथे पाण्याच्या सुट्टीचा राज्याचा नियम नाही. ऑस्टिनने २०१० ला आणि डॅलसने २०१५ ला बांधकाम मजुरांसाठी दर चार तासांना दहा मिनिटं सुट्टी हा शहराचा नियम केला होता. २०२३ साली राज्याने असा कायदा केला की शहरांचे असे नियम मोडीत निघावेत. त्यावर कोर्टात भांडण झालं. म्हणजे दहा मिनिटांसाठी एवढं मोठं राज्य कोर्टात उभं राहतं, आणि आपण ती दहा मिनिटं फुकट सोडून देतो.

अजून एक खूळ, लवकर उरकतो. जास्त घाई म्हणजे जास्त काम. यावर मी इंजिनिअर म्हणून बोलतो. काँक्रीट ओतलं की ते पडून असतं. काहीच करत नाही असं दिसतं. पण आपण त्याला पाणी मारतो, झाकतो, अठ्ठावीस दिवसांनी ताकद तपासतो. कुणी म्हणतं का, स्लॅब आळशी आहे? वेस्ट व्हर्जिनियात विलो आयलंडला वीज केंद्राचा कूलिंग टॉवर बांधत होते. २७ एप्रिल १९७८. आदल्या दिवशी ओतलेल्या काँक्रीटला पुरेशी ताकद आलेली नव्हती, त्यावरच वरच्या कामाचा भार आला. वरचा थर सुटला आणि सगळं मचाण खाली आलं. ५१ माणसं मेली. सगळी. ज्या थराला अजून वेळ हवा होता, त्याच्यावर ती उभी होती.

आमच्या साइटवर आता नवा माणूस आला की पहिला आठवडा त्याच्यासोबत एक जुना देतो, आणि थांबायची वेळ जुन्याने ठरवायची, नव्याने नाही. कारण नवा थांबणारच नाही. मालकाने विचारलं, शेड्यूलचं काय? मी म्हणालो, मागच्या जुलैत एक माणूस पडला तेव्हा ते पोअर अर्धवट राहिलं, कोल्ड जॉइंट आला, तो फोडून परत केला, त्याचा खर्च काढून बघा. भावनेची भाषा त्याला कळली नसती, ही कळली. तुम्हीही तुमच्या फोरमनशी त्याच्या भाषेत बोला.

घरचं एक सांगतो आणि बसतो. माझे वडील शेतकरी, निलंग्याकडे असतात. इथे रात्रीचे नऊ वाजले की तिकडे सकाळचे साडेसात. रोज फोनवर विचारायचे, "आज काय केलंस?" आणि मी कामाची यादी वाचायचो. एवढे यार्ड काँक्रीट, एवढे तास. वर्षानुवर्षं. त्या दवाखान्याच्या रात्री त्यांनी विचारलं तेव्हा मला यादीच सुचेना. म्हणालो, "काही नाही अण्णा, आज काहीच केलं नाही. बसलो होतो." मला वाटलं, आता बोलणी खाणार. ते थोडं थांबले आणि म्हणाले, "जेवलास का?" मी म्हणालो, "नाही." तर म्हणाले, "मग जेव आधी. मी रोज तेच विचारतो, तू तिसरंच सांगतोस."

तो पोरगा बरा झाला. आता दुसऱ्या साइटवर आहे, वेल्डिंगला. मला दादा म्हणतो, मधूनच फोन करतो. मागच्या आठवड्यात सांगत होता, एक नेपाळी गडी नवा आलाय, त्याला जबरदस्तीने सावलीत बसवावं लागतं.

बरं, चहा आलेला दिसतोय. ज्यांनी पगाराच्या स्लिपा आणल्यात त्यांनी मागच्या टेबलावर या, मी आणि अजून दोघं बसतोय, ओव्हरटाइम नीट लावलाय का ते बघू. ज्यांच्याकडे स्लिपा नाहीत, रोखीने मिळतात, त्यांनी आधी या. तुम्हाला जास्त वेळ लागेल.